आबांनी आधी खाल्लेली अळंबी

नाव

डॉक्टरबाईंनी माझ्या आजाराचं पूर्ण नाव सांगितलं त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. नैराश्य हा शब्द मला नवा नव्हता. नवा होता त्याच्या पुढे लागलेला भाग: उपचारांना दाद न देणारं. दोन वेगवेगळी औषधं मी सांगितल्या मुदतीपर्यंत, सांगितल्या मात्रेत, एकही दिवस न चुकवता घेतली होती. त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे औषध कमी पडलं आणि नापासाचा शेरा माझ्या नावावर. मी तसं तोंडावर बोलले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाव वाईट आहे, कबूल. पण भांडतेस हे बरं आहे. भांडत राहा."

भांडणं मला घरातूनच मिळालं आहे. आमचं घर विरारजवळच्या नंदाखाल गावात. केळी-नारळाची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं आमचं तळं. घरात तीन माणसं: माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मी कॉलेजात असताना आई गेली. आबांची उमेदीची वर्षं पाण्याच्या आंदोलनात गेली. इथल्या विहिरी उपसून टँकर भरायचे आणि नव्या इमारतींना पाणी विकायचं, हे थांबावं म्हणून ते गावोगाव पत्रकं वाटत फिरले. घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेत बाईंनी 'ज'वरून शब्द विचारला तेव्हा सगळ्यांनी जहाज सांगितलं, मी 'जाहीर निषेध' सांगितलं. पुढे विरारच्या एका छापखान्यात मजकूर जुळवायची नोकरी लागली, तेव्हा आबांना मुलगी कलेक्टर झाल्याचा आनंद झाला होता.

अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मला येत होतं. पण या आजारात अन्याय करणारा कोण, हेच सापडेना. सकाळी डोळे उघडले की छातीवर ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं, आणि ते उचलायला सांगणारं पत्रक कुणाच्या नावाने काढणार?

घरातली मतं

आत्याचं मत ठाम होतं. दोन वेळा आयतं ताट, डोक्यावर पंखा, महिन्याला पगार, तर मग दुःख कसलं. "आमच्या वेळी बावखलातून कळशा भरता भरता दिवस जायचा, रडायला फुरसत कुणाला होती?" असं म्हणत ती माझ्या केसांना तेल लावायची. टोमणा आणि तेल, दोन्ही एकाच वेळी. तिने हात थांबवला असता तर मला जास्त भीती वाटली असती.

आबा काही बोलत नसत. ते काम घेऊन येत. चल, पानवेलीला पाणी लावू. चल, घड उतरवू. मी जायची, बांधावर बसायची आणि विनाकारण डोळ्यांतून पाणी यायचं. आबा पाठ करून काम करत राहायचे. झाडाला रोग पडला तर त्यांना पान बघून कळतं, बुंधा दाबून कळतं. माझ्याकडे बघून त्यांना काही कळत नव्हतं, आणि ज्याला वाडीत सगळं कळतं अशा माणसाला ते फार लागत होतं.

वॉर्ड

मला जगायचं नाही, असं मी एका दुपारी डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं. त्या आजारपणात केलेली ती सर्वांत शहाणी गोष्ट. तुमच्या मनात तसं येत असेल तर लाजू नका, आजच कुणाला तरी सांगा. मी सांगितलं म्हणून संध्याकाळच्या आत वसईच्या एका दवाखान्यात भरती झाले.

भरती करताना त्यांनी ओढणी काढून घेतली, फोनचा चार्जर काढून घेतला आणि पायजम्याची नाडीही काढून घेतली. का, हे मला कळत होतं. पण पुढचे काही दिवस एका हाताने पायजमा धरून वावरायचं, याची कल्पना कुणी दिली नव्हती. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या बायका अशाच, एक हात कमरेला. भुईगावची एक सिस्टर होती. ती सकाळी वजन करायला यायची तेव्हा म्हणायची, "चला, झाशीच्या राण्या, एकेक करून काट्यावर." तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने घरून इलॅस्टिक आणलं आणि रिकाम्या वेळात माझ्या पायजम्यात ओवून दिलं. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा मी कितीतरी दिवसांनी हसले.

सहाला चहा, सातला गोळ्या, मग जीभ वर करून दाखवायची. आबा भेटीच्या वेळेला बरोबर दारात उभे. पिशवीत सुकेळी, म्हणजे आमच्याकडे केळी वाळवून करतात ती. मला चव लागत नसे. ते एक माझ्या हातात देत, एक स्वतः खात, आणि आम्ही भिंतीकडे बघत बसत असू.

उरलेली वाट

सुट्टी मिळायच्या आधी डॉक्टरबाईंनी आबांना आणि मला समोर बसवलं. मी विचारलं, आता काय उरलं? त्यांनी पुढच्या वाटा सांगितल्या. औषध बदलणं, दोन औषधं जोडणं, विजेचे उपचार, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते. मी हट्टाने विचारलं, आणखी? त्या थोडं थांबून म्हणाल्या की परदेशात काही जातींच्या अळंबीत सापडणाऱ्या सायलोसिबिन नावाच्या द्रव्यावर अभ्यास चालू आहेत. दिवसभर प्रशिक्षित माणसं शेजारी बसतात, त्याआधी आणि त्यानंतर बोलण्याची सत्रं होतात. माझ्यासारख्या काहींना त्याचा फायदा झालेला दिसतो. सगळ्यांना नाही. ज्यांना भ्रमाचा आजार आहे किंवा घराण्यात आहे त्यांना धोका मोठा. आणि आपल्याकडे ते बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. "ऐकून ठेव. करायचं काही नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं.

परत येताना रिक्षात आबा एवढंच म्हणाले, अळंबी म्हणजे आपल्याकडे उगवते तीच ना? मी म्हणाले, नाही, वेगळी. आणि मी रस्त्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. एका पानावर लक्ष टिकत नव्हतं ती मी, रोज थोडं थोडं वाचू लागले, कारण मला राग आला होता. राग ही तेव्हा मला आलेली पहिली धड भावना. ज्या द्रव्याचा अभ्यासच आपल्याकडे जवळपास होऊ शकत नाही, ते निरुपयोगी की उपयोगी हे कोण ठरवणार? मग मी पत्रक लिहिलं. 'आमच्या आजारावर संशोधन होऊ द्या.' मागणी विकायला परवानगी द्या अशी नव्हती, दवाखान्यात, देखरेखीखाली अभ्यास करू द्या अशी होती. छापखान्याच्या मालकांनी कागद दिला, वर सल्ला दिला की हे वाटण्यापेक्षा लग्नपत्रिका जुळव. मी दोन्ही घेतले, कागद वापरला.

राजोडीचं बोलावणं

पत्रकावर माझा फोन नंबर होता. आठवड्याभरात एका माणसाचा फोन आला. आवाज मऊ, दर वाक्यात 'ताई'. राजोडीला समुद्राजवळ बंगला भाड्याने घेऊन तो शनिवार-रविवारी लोकांना तसली अळंबी देऊन 'प्रवास' घडवत होता. मी विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? म्हणाला, डॉक्टरांनीच तर तुमची ही अवस्था केली. मी विचारलं, माझी औषधं चालू आहेत, त्यांचं काय? म्हणाला, आजपासूनच बंद करा. कुणाला सोबत आणू? नको, घरच्यांना सांगायचंच नाही, त्यांच्या लहरी आड येतात. त्रास झाला तर? ताई, त्रास हाच उपचार.

मी फोन ठेवला. मी ज्या गोष्टीची मागणी करत होते तिचं नाव घेऊन हा माणूस नेमकं उलटं विकत होता. औषध अचानक बंद केल्याने काय होतं ते डॉक्टरबाईंनी मला बजावून सांगितलं होतं. दाराआड, एकटीने, अनोळखी पुरुषाच्या स्वाधीन व्हायचं, भान हरपलेलं असताना. याला उपचार म्हणायचं? मी संतापून सगळं आबांना सांगितलं. त्यांनी त्या माणसाला आमच्या गावठी भाषेत एक शिवी दिली आणि म्हणाले, परक्याच्या हातचं काही घ्यायचं नाही.

ते वाक्य मला पटलं. त्याचा त्यांनी काय अर्थ लावला, ते मला पुढच्या सोमवारनंतर कळलं.

ताट

आमच्याकडे पावसाळ्यात वाडीत अळंबी उगवते आणि ती खाल्ली जाते. घरात एक जुनी रीत आहे. जरा शंका असेल तर आधी कर्त्या माणसाने एकट्याने खायची. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत त्याला काही झालं नाही, की मग घरच्यांना वाढायची. आजोबांनी तसं केलं, आबांनी तसं केलं, आणि आजवर कुणाला काही झालेलं नाही, हाच त्या रीतीचा पुरावा.

त्या सोमवारी आबांनी दुपारी स्वतः चुलीवर भाजी केली. आत्याचा श्रावणी सोमवार, त्यामुळे ती खाणार नव्हती. मी झोपून होते. ते एकटेच जेवले. संध्याकाळपर्यंत वाडीत कामही केलं. मग रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात भाजी वाढून म्हणाले, "अळंबी आहे. दोन घास खा."

मला भूक नव्हती. महिनोन्‌महिने नव्हती. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी बोटाने बाजूला सारली आणि उठले. आबा ताटाकडे बघत बसले. चेहरा असा पडला की आत्याने मला झापलं: बाप चुलीशी बसला आणि तुला दोन घास जड झाले.

पहाटे आबांना उलट्या सुरू झाल्या.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आधी वाटलं पोट बिघडलं. दवाखान्यात सलाईन लावलं, दुपारी ते सावरले, चहासुद्धा मागितला. मग रक्ताचे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, गेल्या दोन दिवसांत अळंबी खाल्ली का? आत्या म्हणाली, आमच्या वाडीतली होती, बाहेरची नाही. डॉक्टर म्हणाले, उरली असेल तर ताबडतोब आणा.

पातेलं घासून झालं होतं. माझं ताट मात्र आत्याने रागाने तसंच झाकून ठेवलं होतं, सकाळी हिलाच खायला लावते म्हणून. भाजी होती तशी होती. मी ती डब्यात भरली. डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं. ही भाजी माझ्यासाठी केलेली होती. आबांनी ती माझ्यासाठी चाखून बघितली होती. आणि मी जेवले असते तर. मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं. ज्या आजाराने माझी भूक मारली त्यानेच त्या रात्री मला वाचवलं, हे वाक्य मी मनात पन्नास वेळा उच्चारलं, आणि अजूनही त्याच्याकडे बघून काय करावं ते मला कळत नाही.

यकृत

आबांना अॅम्ब्युलन्सने मुंबईला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे कळलं की काही विषारी अळंब्या पोटात गेल्यावर अर्धा दिवस गप्प राहतात, मग त्रास देतात, मध्ये उतार पडल्यासारखा वाटतो आणि त्याच वेळी आत यकृत जात असतं. म्हणजे आमच्या घराची रीत मुळातच खोटी होती. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत वाट बघून काहीच कळत नाही. इतकी वर्षं आम्हाला रीतीने नव्हे, नशिबाने राखलं होतं.

आयसीयूच्या बाहेर बसून आत्या एकदाच बोलली. तिने आबांना चुलीशी बघितलं होतं, विचारलंही होतं की ही कसली अळंबी, ही तर आपण कधी खात नाही. आबा म्हणाले होते, "जी नेहमी खातो तिने पोर बरी व्हायची असती तर कधीच झाली असती. जी खात नाही तीच औषधाची."

हे ऐकून मी जिन्यात जाऊन बसले. हा माणूस अडाणी नाही. त्याने पाण्याच्या पातळीवर सरकारी इंजिनिअरांशी वाद घातलेत. पण वाडी आपली, माती आपली, तिच्यात उगवलेलं आपल्याला मारणार नाही, हा विश्वास त्याच्या हाडात होता. आणि पोर डोळ्यांसमोर वाळत होती.

त्या दिवसांत मी माझ्या गोळ्या वेळेवर घेतल्या. भुईगावच्या सिस्टरने फोन करून रोज तेवढंच विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आबांसाठी मी चर्चमध्ये मिसा सांगितलीय, आणि तू गोळी घेतलीस का?

आबा वाचले. यकृताने पुन्हा उभारी धरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की थोडक्यात निभावलं.

विचारलं का नाही

वॉर्डात आणल्यावर ते इतके बारीक दिसत होते की मी ठरवलेलं भांडण गिळणार होते. पण डॉक्टरबाईंचा शब्द होता, भांडत राहा.

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून."

मी म्हणाले, टँकरवाल्यांना तुम्ही रस्त्यात अडवून काय विचारत होतात? कुणाला विचारून पाणी नेता, हेच ना? विहीर माझी, मला न विचारता कसं नेता? मग माझ्या जिवाशी गाठ असलेलं माझ्या ताटात वाढताना मला विचारायचं नाही? राजोडीचा तो माणूस घरच्यांना सांगू नको म्हणाला, तुम्ही मलाच सांगितलं नाहीत.

ते भिंतीकडे वळले. मला वाटलं मी फार बोलले. आत्याने येऊन मला बाहेर काढलं आणि जिन्यात सुनावलं की मरता मरता वाचलेल्या बापाला कोर्टात उभं करतेस, तुझी ती पत्रकं मी बंबात घालणार आहे.

गावातही तेच मत. अळंबीच्या नादाने एक माणूस जात होता, आता तरी पोरीने गप्प बसावं. छापखान्याचे मालक म्हणाले, विषय सोड. एक-दोन आठवडे मीही तेच म्हणत होते. माझ्या मागणीमुळे माझा बाप आयसीयूत गेला, असं वाटायचं आणि पोतं पुन्हा छातीवर यायचं.

मग एका सकाळी डोकं जरा मोकळं असताना मला दिसलं की घडलं ते सगळं मागणीच्या बाजूनेच बोलतं आहे. आबांच्या भाजीत सायलोसिबिन नव्हतंच, विष होतं. निराश माणसाच्या घरी आशेची एक बातमी पोचली आणि ती घेऊन जायला दवाखान्याचं दार नव्हतं. मग ती कुठे जाणार? राजोडीच्या बंगल्यात जाईल, नाहीतर चुलीवर जाईल. दार बंद ठेवल्याने आशा मरत नाही, ती मागच्या वाटेने घरात शिरते.

म्हणून मी आजही म्हणते: अभ्यास होऊ द्या, आणि नीट होऊ द्या. द्रव्य शुद्ध आणि मोजलेलं असावं. रुग्णाचा आणि घराण्याचा पूर्वेतिहास तपासून, ज्याला धोका आहे त्याला स्पष्ट नाही म्हणावं. चालू औषधांचा निर्णय डॉक्टरने घ्यावा, फोनवरच्या मऊ आवाजाने नव्हे. शेजारी बसणारी माणसं शिकलेली आणि जबाबदार असावीत, एकटा पुरुष आणि बंद खोली कधीही नको. न विचारता अंगाला हात लागता कामा नये. नको म्हणायचा हक्क आदल्या दिवशी असावा आणि सकाळी दारात उभं असतानाही असावा. नंतर महिनाभर कुणीतरी फोन करून विचारावं, गोळी घेतलीस का. हे फक्त मुंबईच्या महागड्या खोल्यांत नको. उपयोगी निघालं तर सरकारी दवाखान्यातही मिळालं पाहिजे. अभ्यासातून उपयोग नाही असं ठरलं, तर मी तेही पत्रक काढून सांगेन. तोवर, ज्यांच्या घरी माझ्यासारखं माणूस आहे त्यांना हात जोडून सांगते: रानातून, वाडीतून, इंटरनेटवरून काहीही आणू नका. आम्हाला तुम्ही जिवंत हवे आहात.

खुर्ची

मी अजून पूर्ण बरी नाही. औषधं बदलली, थोडा फरक पडला, मग थांबला. परवा तपासणीला गेले तेव्हा विजेच्या उपचारांचा विषय पुन्हा निघाला. आमच्या डॉक्टरबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते, सभ्य, अभ्यासू. आबा माझ्यासोबत आले होते, अंगात शर्ट अजून ढगळ. डॉक्टरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे केली आणि सगळं त्यांनाच समजावलं. किती वेळा द्यायचे, भूल कशी देतात, थोडे दिवस विसरायला होऊ शकतं, घरून कोण येणार, कधी सुरू करूया. माझ्याबद्दल बोलताना त्यांनी 'पेशंट' हा शब्द वापरला आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी तोंड उघडणार होते. शब्द सुचेनात, अशा दिवसांत ते वेळेवर येत नाहीत. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले,

"डॉक्टर, आजार हिचा आहे. हिला विचारा. ही नाही म्हणाली तर आम्ही उठून जाऊ."

आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर जमिनीवर होती आणि कान लाल झाले होते. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, सॉरी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.